पान एकशे त्रेचाळीस

आधीच सांगते, म्हणजे पुढे वाद नको. मी पत्रकं लिहिते. अंगात येणं, भानामती, पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळणं — या सगळ्यावर लिहिलीत, घरोघर वाटलीत, आणि त्यापायी एका जत्रेत शिव्याही खाल्ल्यात. या सदरातले अनुभव मी वाचायचे ते फक्त चुका काढायला. "काकांच्या मित्राला दिसलं"... कोणते काका? कोणता मित्र? पत्ता द्या! अशी खवचट कमेंट तुमच्या अनुभवाखाली आली असेल तर ती बहुतेक माझीच. अशा सगळ्यांनी आज माझ्यावर खुशाल तुटून पडावं. फक्त आधी पूर्ण वाचावं.

यवतमाळ जिल्हा, वणी. तिथून राजूरच्या बाजूला निघालात की कोळशाच्या खाणी लागतात. कोळशावरची जी माती उपसून टाकतात तिला आमच्याकडे 'ओबी' म्हणतात. तिचे डोंगर होतात, पावसाळ्यात वाहून शेतात येतात. असाच एक नवा डोंगर एका गावाच्या ओढ्याकाठी उभा राहणार होता. गावाचं नाव देत नाही, का ते पुढे कळेल. कागदावर ती जागा होती 'पडीत, निरुपयोगी'. माझा सहकारी दिनेश आत्राम त्याच गावचा. त्याची आई वर्षानुवर्षं तिथे शेळ्या चारते. तिच्या पोटापाण्याची जागा सरकारी कागदावर निरुपयोगी! माझं डोकं तिथेच फिरलं.

गेल्या उन्हाळ्यात जनसुनावणी लागली. दोन आठवडे हातात. आमच्या संघटनेचा एक नियम आहे, नवीन आलेल्याला तो पहिल्या दिवशी शिकवतात — पत्रकाच्या तळाशी एक ओळ असलीच पाहिजे. 'आधार: अमुक पुस्तक, अमुक पान.' आधार नाही तर वाक्य नाही. दुसरं, आधार हातानं उतरवायचा. फोटो काढला की मजकूर फोनमध्ये राहतो, डोक्यात जात नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण "फोटो काहून नाही काढला?" हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की आता त्याचं उत्तर झोपेतही देईन.

तर आधार शोधायला मी वणीच्या एका जुन्या वाचनालयात गेले. सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ. ग्रंथपाल वाढईकाका. मी शाळेत असल्यापासूनची ओळख, म्हणून जीभ सैल. त्यांची पुस्तकांची पडताळणी चालू होती आणि टेबलाखाली 'बाद' करायच्या पुस्तकांचा ढीग होता.

"हे काहून काढून राह्यले?"

"वाचतच नाही ना कोनी! कादंबरी पायजे, नाही तं स्पर्धा परीक्षा. हे पाय, कोरं आहे."

खरंच कोरं. मागच्या चिठ्ठीवर एकही तारखेचा शिक्का नाही. एक पुस्तक फार जुन्या काळच्या दफनांवर, 'दगडांखालची माणसं'. विदर्भात ठिकठिकाणी मोठ्या दगडांची वर्तुळं आहेत, आणि ती कुण्या राक्षसानं मांडलेली नसून इथेच लोखंड गाळणाऱ्या माणसांनी आपल्या मेलेल्यांसाठी मांडली, हे मला त्या पुस्तकानं सांगितलं. शाळेनं नाही. कॉलेजनं नाही. दुसरं एका मोजणीवाल्याचं, 'साखळीमागून बारा वर्षे'. जमीन मोजायची लोखंडी साखळी घेऊन हा माणूस या भागातलं रान पायी फिरला होता. वाघापेक्षा पिसवांबद्दल जास्त लिहिलं होतं त्यानं, म्हणून मला तो खरा वाटला. तिसरं मनावरचं, 'आठवण नावाची लबाड'. डोकं रिकाम्या जागा कशा भरून काढतं, न घडलेलं घडलं म्हणून कसं शपथेवर सांगतं, यावर.

तीन सकाळी मी तिथे बसून होते. मला खरं सांगायचं तर राग येत होता... अशी पुस्तकं आमच्या गावात कपाटात पडून होती आणि मी चोवीस वर्षांची झाले तरी कुणी हातात दिली नाहीत!

तिसऱ्या दिवशी अकराला पाच कमी असताना मोजणीवाल्याच्या पुस्तकात मला ते सापडलं. दिनेशच्या गावाचं नाव, छापलेलं. मी ओरडलेच. "काका, आयका!" आणि उतरवता उतरवता मोठ्यानं वाचलं. वहीत अजून आहे ते, माझ्याच अक्षरात, इथे गावाचं नाव तेवढं गाळलंय:

'दोन ओढे मिळतात तेथून उगवतीकडे दोनशे बारा पावले चालल्यावर मोहाची तीन झाडे लागली. त्यांच्या मागे जमिनीत रुतलेल्या मोठ्या दगडांचे कडे आहे. मोजले, तेवीस भरले. मधली जमीन खचलेली. आमचा साखळीवाला बाहेरच उभा राहिला. आत का येत नाहीस असे विचारता तो म्हणाला की'

इथे पान संपलं. पानाच्या खाली आकडा होता, १४३. तोही मी लिहून घेतला.

"चाल ना बाई आता," काका कुलूप हातात घेऊन दारात उभे. "लोकायच्या पोटात कावळे वरडून राह्यले. तुया साखळीवाला कुठी नाही पयत, संध्याकायी भेट त्याले."

मी पान उलटलं नाही. वही बंद केली आणि थेट छापखान्यात गेले. संध्याकाळी वाचनालयात गेलेच नाही.

पत्रक झकास झालं. 'निरुपयोगी कोण — जागा की कागद?' असा मथळा. तळाशी आधार, पुस्तकाचं नाव, पान १४३. गावात घरोघर वाटलं. पुस्तकातल्या त्या नेमक्या जागी रायमुनियाचं, म्हणजे घाणेरीचं, असं काटेरी रान माजलंय की आत शेळीही शिरत नाही, त्यामुळे दगड प्रत्यक्ष कुणी पाहिलेले नव्हते. दिनेश म्हणाला, "पुस्तकात हाये ना? मंग झालं." मीही तेच म्हणाले.

सुनावणी शाळेच्या मैदानावर, मांडवात. माझं बोलून झालं, टाळ्या पडल्या. मग गावातलेच सुधाकरभाऊ उठले. ते खाणीच्या बाजूचे, पण विकले गेलेले वगैरे नाहीत. दोन मुलं पदवी घेऊन घरी बसलीत, त्यांना खाणीत काम मिळेल म्हणून ते बाजूचे. त्यांच्या हातात पिशवी होती. पिशवीतून त्यांनी 'साखळीमागून बारा वर्षे' काढलं.

"ताई, मी बी वाचनालयाचा मेंबर झालो. तुमच्या पत्रकापायी." मांडव हसला. "आता मले एकशे त्रेचाळीसवं पान काढून द्या. मले काही सापडून नाही राह्यलं."

मी पुस्तक घेतलं. उलटलं. शेवटचं पान एकशे छत्तीस. त्याखाली 'समाप्त', छापखान्याचं नाव, आणि पुठ्ठा.

पुन्हा उलटलं. पुढून, मागून. गावाचं नाव शोधलं — कुठेच नाही. 

"फाटलं असंल," दिनेश मागून म्हणाला.

"फाटलं असतं तं शिवणीत तुकडा नसता राह्यला काय रे?" सुधाकरभाऊ ओरडलेसुद्धा नाहीत. ते जास्त लागलं. "ताई, आमी अडानी असू. पन आमी पान बनवत नाही."

ते कोरं पुस्तक पहिल्यांदा कुणी घरी नेलं, तेही मला खोटं पाडायला. आणि मी खोटी पडले.

तिथून मी सरळ वाचनालयात. काकांनी दाखल रजिस्टर काढलं. पुस्तक येतं तेव्हा त्यात लेखक, प्रकाशक, पानं, सगळं लिहितात. काकांच्या आधीच्या ग्रंथपालांच्या अक्षरात लिहिलेलं: पाने १३६. म्हणजे फाटलेलं नाही. मुळातच नव्हतं. याची दुसरी प्रतही नव्हती, आणि बाकीच्या दोन पुस्तकांतही तो मजकूर नव्हता.

"पन मी आयकलं ना!" काका म्हणाले. "तू वाचलं मोठ्यानं. साखळीवाला बाहेर उभा राह्यला म्हून मी हासलो बी."

"तुमी पान पाह्यलं का, काका?"

त्यांनी रजिस्टर मिटलं. "मी कुलूप पाहून राह्यलो होतो, बाई."

तर, कारण उघड होतं. मी रचलं. तिसऱ्या पुस्तकात हेच तर लिहिलंय. पंधरा दिवसांची धावपळ, झोप नाही, दगडांवरचं पुस्तक नुकतंच वाचलेलं, डोक्याला जे हवं ते डोळ्यांना दिसलं. असं दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर मीच त्यावर पत्रक काढलं असतं! पण हे मान्य केलं की पुढचा प्रश्न येतो. एक पान मी रचू शकते तर आधीची? घरी जाऊन मी माझी सगळी जुनी पत्रकं काढली आणि प्रत्येक आधार पुन्हा तपासला. चार दिवस गेले. सगळे बरोबर निघाले. तरी सुटका वाटेना... कारण तपासणारे डोळे माझेच होते.

शेवटी दिनेशला म्हटलं, चल, मोजू. त्याला वाटलं मी दगड शोधायला निघालेय. उलट होतं. तिथे काही सापडू नये म्हणून मी निघाले होते. काही नसलं की विषय संपला — डोकं थकलं, चूक झाली, माफी मागायची आणि झोपायचं.

सकाळी नऊची वेळ. लख्ख ऊन. दोन ओढे मिळतात तिथून उगवतीकडे मी पावलं मोजायला लागले. पुढे दिनेश कुऱ्हाडीनं रायमुनिया तोडत होता, मागून त्याची आई, काखेत पाण्याची बाटली. दोनशेच्या पुढे मी हळू झाले. दोनशे नऊला मोहाची दोन झाडं दिसली. मनात म्हटलं, दोनच आहेत. दोनच! मग दिनेशचा पाय तिसऱ्याच्या जुन्या खोडाला अडखळला.

दगड त्याच्यामागे होते. काही वर, काही मातीखाली, नुसती पाठ दिसेल एवढे. दिनेश कुऱ्हाडीचं टोक ठोकत मोजत गेला. त्यानं तेवीस म्हटलं तेव्हा मी पाठ फिरवली होती. त्याची आई म्हणाली, "बाप्पा! एवढ्या वर्साची मी इथं येते, मले नाही दिसलं. तुले घरी बसून दिसलं."

हे वाक्य गावात पोचायला संध्याकाळही लागली नाही.

पुढे सरकारी माणसं आली, मोजणी झाली, तीही तेवीसच. सध्या त्या तुकड्यापुरतं काम थांबलंय. पुढचं माहीत नाही. पण मला लोक विचारायला लागले, आणि गावाचं नाव देत नाही ते याचसाठी. एका बाईंनी नारळ आणला — विहीर कुठे खोदू, सांगा. माझ्याकडे! पायाळूंवर पत्रक लिहिणारीकडे! मी तो नारळ परत केला तेव्हा त्या म्हणाल्या, "कमी पडला काय?"

दिनेशचं म्हणणं साधं होतं. "लिही ना, गावातल्या म्हताऱ्या मानसाइनं सांगतलं म्हून. कोन विचारते? दगड तं खरे हायेत."

"म्हाताऱ्यांनी सांगितलं नाही, दिन्या."

"मंग कोनं सांगतलं?"

ते मी आजही शोधतेय.  पण दगड खरे निघाले म्हणून आधार खरा होत नाही. सुधाकरभाऊंनी भर मांडवात विचारलं ते बरोबर होतं. म्हणून मी दुरुस्तीचं पत्रक काढलं. लिहिलं की पान १४३ अस्तित्वात नाही, ते मी कसं वाचलं हे मला माहीत नाही, यात दैवी काही आहे असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही ठेवू नका, जाऊन दगड मोजा. तळाशी लिहिलं, 'आधार: सापडला नाही.' संघटनेत यावरून भांडण झालं. अशी ओळ आमच्या कुठल्याच पत्रकावर नव्हती. सुधाकरभाऊंना मी स्वतः नेऊन दिलं. त्यांनी उभ्यानं वाचलं, घडी करून खिशात ठेवलं, आणि म्हणाले, "बसा, चहा घ्या." बस, एवढंच.

त्या पत्रकात मी सगळं खरं लिहिलं. एक सोडून.

त्या सकाळी तेवीस मोजून झाल्यावर दिनेश वर्तुळाच्या आत, त्या खचलेल्या जागेत उभा राहिला आणि मला म्हणाला, "ये ना आत, मधून फोटो काढ." मी कॅमेरा बाहेरूनच धरला. तो हसला, "काहून? भेते काय?"

मी म्हटलं, "बाहेरून चांगला येते."

मोजणी झाली तेव्हा मी बाहेर होते. नंतर तीनदा गेले, तीनदा बाहेर. दिनेशला काहीही झालेलं नाही, तो मजेत आहे. मला माहीत आहे की आत फक्त जमीन आहे. मला हेही माहीत आहे की ते पान नव्हतं, त्यामुळे पुढचंही नव्हतं, आणि साखळीवाला काय म्हणाला हे कुठेच छापलेलं नाही. तरी रोज वाटतं, त्या दिवशी पान उलटायला हवं होतं. 'तो म्हणाला की'... इथे थांबलेलं वाक्य माझ्या वहीत आहे, माझ्या अक्षरात, आणि माझा पाय अजून आत पडत नाही.