आमच्या आळीतला बिनसाखरेचा चहा

चहाचे किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप जमतात. आमच्या निमगाव केतकीच्या आळीत सकाळपासून कुठल्या ना कुठल्या घरी आधण चढलेलं असतं. जिथं आधण तिथं चार माणसं, आणि चार माणसांत एखाद्याचा तरी वेडेपणा होतोच! आम्ही बायका जमलो की कुणीतरी म्हणतं, "मंगल, आबांचा सांग ना." आबा म्हणजे माझे सासरे. पण प्रत्येकीला त्यातला एखादाच तुकडा माहीत आहे. म्हणून म्हटलं, एकदा ओळीनं सांगून टाकावं.

* * *

आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. एका सकाळी अंगणातल्या मोटारसायकलवर मी माझा हिरवा स्वेटर वाळत टाकला होता. आबा ओट्यावर बसलेले. आतून मला ऐकू आलं, "या, या! बसा. चहा घ्या."

मी आधणात पाणी वाढवलं. दोन कप घेऊन बाहेर आले, तर पाहुणा कुठंच नाही.

"कोण आलंय आबा?"

"त्यो काय गाडीवर बसलाय! मघापास्नं इचारतोय, साखर किती घालू, तर त्वांड उघडंना. लईच मिजासी पावणा!"

त्याच दिवशी आम्ही त्यांना बारामतीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

* * *

डॉक्टरांनी डोळे तपासले, रक्त तपासलं आणि म्हणाले, "मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन करायला हवं. पण रक्तात साखर फार आहे. ती खाली आल्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही."

आबा म्हणाले, "डोळा वर हाय, चहा जातोय खाली. दोघांची गाठ पडती कुटं?"

डॉक्टर हसले, पण ऐकले नाहीत. गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं, आणि चहा दिवसातून दोनदा, अर्धा अर्धा कप, तोही बिनसाखरेचा!

येताना एस्टीत आबा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "मंगल, ही साखरंची भानगड आळीत बोलायची न्हाय. जलमभर कारखान्याला ऊस घातला. लोकं हसतील."

मी "नाही बोलणार" म्हटलं. मला खोटं बोलवत नाही, पण तेव्हा खरंच बोलायचं नव्हतं.

* * *

आबांच्या आवडीचा चहा म्हणजे दूध आधी, पाणी नावाला, पत्ती मुठीनं, आणि साखर अशी की कप उपडा केला तरी चहानं जरा विचार करूनच खाली पडावं.

दुसऱ्या दिवशी मी अर्धा कप बिनसाखरेचा चहा पुढं ठेवला. आबा उठले. नातीच्या टेबलावर एक भला मोठा मग होता, वाढदिवसाला मिळालेला. त्यात ती पेनं ठेवायची. आबांनी चाचपडत पेनं बाहेर काढली, मग विसळला आणि माझ्यापुढं धरला.

"हं. ह्याच्या अर्धा."

"आबा, डॉक्टर कप म्हणाले होते."

"कंच्या मापाचा, ते न्हाय म्हणाले!"

* * *

चालण्याच्या बाबतीत मात्र आबांनी डॉक्टरांचा शब्द खाली पडू दिला नाही. अर्धा तास सांगितलं होतं, आबा दीड तास चालायचे! हातात काठी, डोक्यावर टोपी. पावसातसुद्धा खाडा नाही. मला इतकं कौतुक वाटायचं!

महिन्यानं रक्त तपासलं. साखर आणखी वर.

डॉक्टर म्हणाले, "आबा, चालता ना?"

"रोज."

"मग चालणं कमी पडतंय."

"वाढवतो की!" आबा लगेच म्हणाले. एवढ्या आनंदानं म्हणाले की मला शंका आली.

दुसऱ्या दिवशी मी लांबून मागं गेले. आमच्या दारापासून मारुतीच्या देवळापर्यंत सात घरं. आबा सातही घरी बसले! शकुवहिनींकडं पत्ती विहिरीच्या गाळासारखी काळी होईपर्यंत उकळतात, तो चहा. गोदाकाकूंकडं शेळीच्या दुधाचा, आलं ठेचून. तो तर बशीत ओतून दोन बश्या! गुरुजी घड्याळ समोर ठेवून चहा करतात, बरोबर चार मिनिटं. तिथं आबा चारही मिनिटं हात जोडून बसले होते.

घरी आल्यावर मी विचारलं, "हे चालणं आहे का आबा?"

"मग? चालतच गेलो की. आन् कुनाच्या दारावरनं चहा न घेता गेलं तर माणसं काय म्हनतील?"

* * *

मधे एक गंमत झाली. गुरुजींची सून प्रिया पुण्याची. तिनं एक दिवस आबांना ग्रीन टी दिला. आबांनी एक घोट घेतला. कप खाली ठेवला. सून नवी, तिचं मन कसं दुखवायचं?

"लय झ्याक झालंय पोरी," आबा म्हणाले. "पर ह्ये प्यायचं हाय का पाय शेकायचं?"

* * *

आता मला धीर निघेना. आबांना माझा चेहरा दिसत नव्हता, ते मला आवाजावरून ओळखायचे. एकदा तर ओट्याची पायरी चुकून पडता पडता वाचले. शेवटी मी शब्द मोडला. आबा झोपलेले बघून दुपारी सातही घरी गेले आणि सगळं सांगितलं. "आबांना चहा द्या, पण साखर घालू नका. आणि मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका."

शकुवहिनी तर कपाळाला हात लावून बसल्या. "आबांस्नी फिक्का चहा? माज्या हातनं? मेल्यावर सासूला काय त्वांड दाखवू?"

गोदाकाकूंनी मात्र देवाची शपथ घेतली, "आजपास्नं चहात साखरंचा दाणा पडनार न्हाय."

तिसऱ्या दिवशी मी सहज त्यांच्याकडं डोकावले. आबा नुकतेच उठून गेले होते. खुर्चीजवळ ताटली होती, तिला शिरा लागलेला.

"काकू! हे काय?"

"चहात न्हाय घातली गं!" काकू म्हणाल्या. "पर त्यो बिचारा कसनुसं त्वांड करून प्याला. म्हटलं, त्वांड तरी ग्वाड करावं."

* * *

शिरा बंद केला. पंधरा दिवस बरे गेले. आबा रोज फिरून यायचे आणि गप्प बसायचे. कुणाकडं कसा चहा झाला होता, एक शब्द नाही. आणि इकडं आमचा साखरेचा डबा भराभर रिकामा व्हायला लागला!

मला रडूच आलं. इतकं सगळं करून आबा चोरून साखर खातात?

एका पहाटे डब्याचं झाकण वाजलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि दिवा लावला. आबा खाली मांडी घालून बसलेले. समोर पेपरचे तुकडे. अंदाजानं साखरेच्या पुड्या बांधत होते. एक, दोन, तीन... सहा झाल्या होत्या, सातवी हातात!

"आबा, हे काय चाललंय?"

"हळू बोल!" आबांनी दार लोटायला सांगितलं. "मंगल, आपल्या आळीत सातीच्या साती घरांत साखर न्हाय. आज पंधरा दिस झालं, फिक्का चहा पित्यात बिचारी. उसाच्या गावात! लाजंपायी कोन बोलंना. मी बी बोलत न्हाय. निघताना हळूच कोनाड्यात पुडी ठिवून येतो."

खरं सांगावं तर साखर पुन्हा वर आणि डोळा गेला. मी खाली बसले आणि सातवी पुडी बांधून दिली.

त्या दिवसापासून आमच्या साखरेला नवा मार्ग मिळाला. सकाळी आबांच्या बंडीतून पुढच्या दारानं बाहेर, आणि संध्याकाळी सातही घरची गोळा होऊन शकुवहिनींच्या पदरातून मागच्या दारानं आत! आमचे हे म्हणाले, "आबांपेक्षा साखरच जास्त चालतीय!"

* * *

पुढच्या वेळी बारामतीला रक्त तपासलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, मग पुन्हा बघितला. साखर खाली आली होती!

"शाब्बास आबा! कसं काय जमवलं?"

मी जमिनीकडं बघायला लागले.

"टंचाई हाय," आबा म्हणाले.

डॉक्टरांना काही कळलं नाही. मीही कळू दिलं नाही. पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन झालं, अगदी व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यावरची पट्टी काढली. आबांनी डोळा मिचकावला, भिंत बघितली, खिडकी बघितली. मग मला बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मंगल, तुजं केस कवा पांढरं झालं गं?"

मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तेवढ्यात सिस्टर चहा घेऊन आली. बावीस-तेवीस वर्षांची पोर, नव्या कडक युनिफॉर्ममधली.

"आबा, चहा बिनसाखरेचा आहे हं. चालेल ना?"

आबांनी कप घेतला. नव्या डोळ्यानं आधी कपाकडं बघितलं, मग त्या पोरीकडं, मग माझ्याकडं. माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग सिस्टरला खूण करून जवळ बोलावलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"चालंल की. आन् तू काळजी करू नगंस पोरी. मी कुटं बोलनार न्हाय!"