वायर काढल्यावर दिसलेली हार्ड डिस्क

भूत-बित, आत्मा वगैरे मी मानत नाही. आजही नाही. दुकानाच्या दारावरचं लिंबू-मिरचीसुद्धा बायकोच्या हट्टापायी लटकतंय. तुम्ही लोक इथे अनुभव लिहिता ते वाचून मी भरपूर हसलोय... आता तुम्ही हसा.

कळमनुरीत बाजाराच्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग करतो. मागच्या उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी भर दुपारी मनीषा आणि तिचे वडील किसनराव दुकानात आले. मनीषाच्या लग्नाचं शूटिंग माझंच. तिची आई नुकतीच गेली होती.

"दादा, व्हिडिओत आईचा आवाजच न्हाई," मनीषा म्हणाली. "नुसतं गाणं वाजून राहिलंय."

खरं होतं. पाठवणीच्या वेळी रडारड असते, म्हणून आम्ही शूटिंगवाले मूळ आवाज काढून त्यावर सिनेमातलं बिदाईचं गाणं टाकतो. लोकांनाही तेच आवडतं. आई पोरीला मिठीत घेऊन काहीतरी बोलताना दिसते, पण ऐकू येतं ते गाणं. मूळ आवाजासकट शूटिंग फक्त माझ्या हार्ड डिस्कमध्ये होतं. दुसरीकडे त्या माउलीचा आवाज कुठेच नव्हता... रोज फोनवर बोलणाऱ्या माणसाचं बोलणं कोण रेकॉर्ड करून ठेवतं?

"दोन मिनिटांचं काम," म्हणत मी कपाटातून डिस्क काढली आणि चालू कॉम्प्युटरला लावली.

काहीच नाही. डिस्कचा दिवा लागला, आत घरघर सुरू झाली, पण स्क्रीनवर तिचा पत्ताच नाही. पोर्ट बदलला, वायर बदलली. डिस्क मॅनेजमेंट उघडून रीस्कॅन केलं. लॅपटॉपला लावून पाहिली — तेच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पुन्हा लावली, तरी नाही. किसनराव स्टुलावर बसून माझ्या हातांकडे बघत होते आणि घाम मला फुटला होता.

"न्हाई होत ताई," मी शेवटी म्हणालो. "नांदेडला दाखवावी लागेल." वायर उपसली आणि डिस्क तिच्या हातात दिली.

तेवढ्यात कॉम्प्युटर 'टुंग' वाजला. काही जोडल्यावर वाजतो ना, तसा.

स्क्रीनवर डिस्कचं नाव आलं होतं. डिस्क मनीषाच्या हातात, वायरचं टोक टेबलावर मोकळं! मला काही सुचेना. हात आपोआप माउसवर गेला, फोल्डर उघडला, पाठवणीची फाईल लावली... आणि ती लागली.

स्पीकरमधून रडण्याचे आवाज, गाडीचा हॉर्न, आणि मग त्या बाईंचा आवाज आला — "मने, पिशवीत धपाटे हायेत. समद्यायला वाटत बसू नको... आधी तू खाय."

मनीषा डिस्क छातीशी धरून उभी होती. किसनराव उठून अगदी स्क्रीनला चिकटले. माझ्या डोक्यात एकच — कॉपी कर, लवकर कॉपी कर. कॉपी दाबलं तर मेसेज आला, डिव्हाइस जोडलेलं नाही. बरोबरच होतं की! मोबाईल खिशात होता, पण त्यावर रेकॉर्ड करायचं सुचलंच नाही. आवाज अजून चालू होता — "अन् पोहोचलीस की फोन कर, न्हाई तर मला..."

इतक्या वर्षांची सवय हो. मी मनीषाच्या हातातून डिस्क जवळजवळ ओढली आणि वायर खुपसली.

आवाज बंद झाला. डिस्कचं नावही गेलं.

काढली, लावली, पुन्हा काढली. बाजार उठेपर्यंत तेच करत होतो.

"काहून लावली वायर?" किसनरावांनी विचारलं. रागाने नाही, लेकराला विचारावं तसं. मला रडूच आलं.

नांदेडच्या रिपेअरवाल्याने डिस्क तपासून सांगितलं की आतलं सगळं खलास आहे, यातून कधीच काही निघणार नाही. एक मित्र म्हणतो, फाईल कॉम्प्युटरच्या मेमरीत राहिली असेल. पण जी डिस्क कॉम्प्युटरला दिसलीच नव्हती, तिच्यातलं मेमरीत येणार कुठून? इथे कुणी जाणकार असेल तर सांगा, हात जोडतो. मला अजून काहीच उलगडलेलं नाही.

मनीषा माहेरी आली की बाजाराच्या दिवशी दुकानात येते. डिस्क मांडीवर घेऊन कॉम्प्युटरसमोर बसते. मी स्पीकर पूर्ण मोठा करतो, गिऱ्हाइकांना बाहेर थांबवतो आणि तिच्या शेजारी बसतो. अजून एकदाही काही वाजलेलं नाही.

उठताना ती दर वेळी टेबलाखालच्या सीपीयूकडे वाकून बघते आणि विचारते, "दादा, वायर लावली न्हाई ना?"

"न्हाई ताई," मी म्हणतो.