वसुधा मॅडमच्या पोटातला जोड

पाच आठवड्यांपूर्वी सकाळी कुंदाताईंचा फोन आला. "अनिल, ताई गेली रे... झोपेतच. देह मेडिकल कॉलेजला द्यायचा असं लिहून ठेवलंय तिने. तू येशील ना बरोबर?" कुंदाताई म्हणजे वसुधा मॅडमची धाकटी बहीण. दोघी पाटणकर बाजाराच्या मागे राहत. मी दवाखान्यात न जाता तसाच तिकडे निघालो. मॅडमनी मला शरीररचना शिकवली होती, आणि सहा वर्षांपूर्वी मी त्यांच्या पोटाचं ऑपरेशन केलं होतं.

वर्गात त्या हिंदी-इंग्रजीत शिकवत. मी मराठी घरातला आहे हे हजेरी घेताना कळल्यावर विच्छेदनाच्या टेबलाशी मला मराठीत रागवायच्या, तेही आमच्या शहराच्या लष्कर भागातल्या हिंदीमिश्रित मराठीत. "अरे, पहिले बघ, मग काप. जल्दी कसली आहे?" आतड्याचा रक्तपुरवठा हा त्यांचा लाडका विषय. त्यासाठी त्यांनी टोपी बाजारातून लाल-निळी लोकर आणून एका जुन्या चादरीवर सगळा पसारा टाचला होता. महाधमनीतून निघणारी पेन्सिलीएवढी एक धमनी, तिला फुटणाऱ्या फांद्या, फांद्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या कमानी, कमानींतून आतड्याकडे उतरणाऱ्या बारीक सरळ वाहिन्या. आणि शेजारून यकृताकडे रक्त नेणाऱ्या निळ्या नीला. "या कमानी कशाला?" असं विचारून त्या स्वतःच सांगत, "एक फांदी बंद पडली तर शेजारणीने पोसावं म्हणून. पण खोडच बंद झालं, तर कमानी काय करणार?" हे उत्तर मी परीक्षेत तसंच लिहिलं होतं.

सहा वर्षांपूर्वी एका रविवारी कुंदाताई त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या. सकाळी सात वाजता अचानक पोटात कळ उठली होती, एक उलटी झाली होती. मॅडम एरवी सोसणाऱ्या, पण त्या दिवशी पलंगाची कड धरून कण्हत होत्या. मी पोट दाबून पाहिलं. कुठेही घट्टपणा नाही. वेदनाशामक इंजेक्शन दिलं, रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी सांगितली. मॅडमनी माझं मनगट पकडलं. "पोट नरम आहे ना? आणि मी ओरडतेय. दोन्हीचा मेळ बसत नाही, अनिल. माझी नाडी बघ, उड्या मारतेय."

"मॅडम, आज तुम्ही पेशंट आहात. मला बघू द्या," मी म्हणालो.

या वाक्यात अडीच तास गेले. मग सीटी स्कॅन झाला आणि त्या जे सुचवत होत्या तेच दिसलं. अनियमित ठोक्यांमुळे हृदयातून सुटलेली गुठळी आतड्याच्या धमनीच्या खोडातच अडकली होती. पोट उघडलं तेव्हा आतड्याचा मोठा भाग काळवंडलेला होता. गुठळी काढली, गरम ओले टॉवेल घातले आणि रंग परत येण्याची वाट पाहिली. थोडा आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून आणखी कापावं लागलं. उरलेली दोन टोकं जोडून मी पोट शिवलं.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, "किती ठेवलंस?"

"लहान आतडं चार फूट. मोठं जवळपास सगळं."

"मग चालेल," म्हणाल्या आणि डोळे मिटले.

चाललंही. दर दोन तासांनी वाटीभर खाणं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पिशवीत मीठ-साखरेचं पाणी. महाराज बाड्यावर, म्हणजे आमच्या मुख्य चौकात, कुठल्या इमारतीत स्वच्छ बाथरूम आहे, याची त्यांना खडान्‌खडा माहिती होती आणि ती त्या कुणी न विचारताही सांगत. चेहरा मात्र बारीक होत गेला.

तीन वर्षांनी एकदा मी धीर करून माफी मागितली. त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. "अडीच तास होते, मला माहीत आहे. तेवढ्यात दोनेक फूट वाचलं असतं, कदाचित नसतंही. खूप राग आला होता मला. आता नाही असं नाही म्हणणार... कमी आहे." मग म्हणाल्या, "तुझ्याकडे शिकायला येतात त्या मुलांना हे सांगतोस का?" मी वाटी उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिली. "नाही ना? बघ मग."

देह सोपवला त्या दिवशी कुंदाताईंनी मला एक पाकीट दिलं. आत मॅडमच्या हातचं चित्र होतं. त्यांचंच पोट... लाल धमन्या, निळ्या नीला, अर्ध्यावर संपलेल्या कमानी, आणि जोडापाशी एक बाण. खाली हिंदीत शरीररचना विभागासाठी सूचना होती, की हे पोट पुस्तकासारखं नाही, मुलांना आधी हे दाखवा. शेवटी मराठीत, "उशीर का झाला : अनिलने भरावे." पुढे जागा कोरी.

मी तिथेच विभागाच्या बाकावर बसलो. बराच वेळ पेन हातात होतं. मग चित्राखालच्या सूचनेसारखंच हिंदीत लिहिलं, की पेशंट बरोबर सांगत होती, डॉक्टरने ऐकलं नाही, अडीच तास गेले. सही करायचं टाळलं.

चित्र आता विच्छेदनाच्या हॉलमध्ये लावलं आहे. मागच्या आठवड्यात विभागप्रमुखांनी पहिल्या वर्षाच्या मुलांशी बोलायला बोलावलं. चित्राखालचं वाचून एका मुलीने विचारलं, "सर, ये डॉक्टर कौन थे?"

"मैं था," मी म्हणालो, आणि खडू घेऊन फळ्यावर पहिली धमनी काढायला लागलो.