प्रधान मॅडमचा मुंजा

आमच्या शेजारीण सुमती प्रधान यांनी पनवेलच्या एका कॉलेजात जन्मभर चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी नाटकं शिकवली. पुढे पर्यावरणाचं वारं आलं, तेव्हा त्याच नाटकांतल्या जंगलांवर निबंध लिहून त्या परदेशात वाचून आल्या. वर्गात मात्र दुसरा अंक लागला की मागचे बाक रिकामे व्हायचे, आणि याचं मॅडमना मनापासून दुःख होतं.

त्या निवृत्त झाल्या आणि आमच्या सोसायटीने पार्किंगसाठी आवारातला पिंपळ तोडायचं काढलं. खिडकीतून त्याच पिंपळाकडे बघत मॅडमनी सगळं लिखाण केलेलं. जीव तुटून त्या सभेत उभ्या राहिल्या आणि नाटकांतल्या अरण्यांवर बोलत सुटल्या. समोसे संपले, मॅडम संपेनात. बाई विद्वान, पण ऐकवत नाही हे खरंच. मी तर चक्क डुलकी काढली.

"मॅडम, कन्सेप्ट छान आहे," सेक्रेटरी निनाद सबनीस म्हणाला, "पण गाड्या कुठे लावायच्या? आधी पूजा करू, मग तोडू. दोष लागत नाही, मी गुरुजींना विचारलंय."

ठरावाच्या बाजूने भराभर हात वर झाले. मॅडमचा चेहरा पडला. मग त्यांना स्वतःचाच धडा आठवला असावा. कथानक अडलं की ते जुने नाटककार सरळ भूत आणायचे.

"तोडा," त्या शांतपणे म्हणाल्या. "फक्त त्यावरच्या मुंज्याची सोय बघा. मला दिसतो तो. झाड गेलं की जवळच्या घरात मुक्कामाला येतो म्हणे. जवळची गॅलरी कोणाची?"

गॅलरी निनादचीच होती. त्याची बायको संजना ताडकन उठली. "निनाद, आधी हात खाली कर!"

सगळेच हात खाली आले. आम्ही शिकलीसवरलेली माणसं, पण विषाची परीक्षा कोण घेणार? पिंपळ वाचला. लगेच दुसरा ठराव झाला, की मुंजा मॅडमनाच दिसतो, तर दर शनिवारी पारावर दिवा आणि दहीभात त्यांनीच ठेवायचा. मला वाटलं, बरी जिरली.

परवा शनिवारी संध्याकाळी गाडी काढायला खाली उतरलो. दहीभाताशेजारी पारावर बसून मॅडम आवाज बदलून बदलून नाटक वाचत होत्या.

"कोणासाठी हे?" मी विचारलं.

"मुंजा म्हणजे मुंज झालेलं, शिकायच्या वयाचं पोर," त्या पान उलटत म्हणाल्या. "पाचवा अंक लागलाय. अजून उठून गेलेला नाही."

मलाही मग तिथून हलवेना.