सामना न बघण्याची रजा

भारताने आजवर जिंकलेले बहुतेक सगळे सामने माझ्या थोरल्या साडूंनी जिंकून दिले आहेत, आणि त्यांतला एकही त्यांनी पाहिलेला नाही. ही दोन्ही विधानं मी शपथेवर करायला तयार आहे. मैदानावर घाम गाळणारे ते अकरा जण, त्यांचे प्रशिक्षक, निवड समिती, ही सगळी मंडळी नाममात्र. खरी लढत चालायची ती खडकीत, स्टेशनजवळच्या एका जुन्या इमारतीच्या गॅलरीत, लोखंडी घडीच्या खुर्चीवर, टीव्हीकडे पाठ करून. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो.

आपण बघितलं की भारत हरतो, अशी अण्णांची पक्की समजूत होती. ती कशी झाली हे त्यांनी मला माझ्या लग्नाच्या पंगतीत, जिलबीचा आग्रह चालू असताना, अगदी गंभीरपणे सांगितलं. तरुणपणी ते शेजाऱ्यांच्या कृष्णधवल टीव्हीसमोर बसले होते. सामना जवळजवळ गेल्यात जमा होता. शेजारीणबाईंनी त्यांना दूध आणायला पिटाळलं आणि ते पातेलं घेऊन परत येईपर्यंत भारत जिंकला होता. दुसऱ्या कुणाला यातून काही सुचलं नसतं. अण्णांनी पुढच्या सामन्याला खात्री करून घेण्यासाठी दारातून एकदाच डोकावून बघितलं, आणि नेमका त्याच चेंडूवर आपला जमलेला फलंदाज त्रिफळाचीत झाला. झालं. त्या दिवसापासून त्यांनी क्रिकेट बघणं सोडलं आणि क्रिकेटवर दुप्पट जीव टाकायला सुरुवात केली.

दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला होते तेव्हा महत्त्वाच्या सामन्याला ते हमखास रजा टाकत. एकदा साहेबांनी अर्ज हातात घेऊन विचारलं, "सामना बघायला रजा पाहिजे?" अण्णा म्हणाले, "नाही साहेब, न बघायला." साहेबांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि सही केली. निवृत्तीनंतर त्यांनी मोठा टीव्ही घेतला. दुकानात सगळ्या पडद्यांवर नेमका सामना लागलेला, म्हणून अण्णांनी आत पाऊल टाकताच पाठ फिरवली आणि रस्त्याकडे तोंड करून "रंग कसे वाटतात गं?" असं ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, विचारत विचारत तो टीव्ही खरेदी केला. घरी आणल्यावर लक्षात आलं की समोरच्या कपाटाच्या काचेत पडदा दिसतो. पाणी प्यायला आत आले असताना काचेत नजर गेली आणि आपला एक गडी धावबाद झाला. दुसऱ्या दिवशी त्या काचेवर वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं. ताई म्हणायच्या, "लोकांचे नवरे सामना बघत बसतात म्हणून बायका कावतात. आमचे बघत नाहीत, तरी कामाचे नाहीत."

उन्हाळ्यातल्या सामन्यांना आम्ही तिघं ठरलेले. मार्केट यार्डात कांदा-बटाट्याची आडत असलेले शेठ, अण्णांबरोबर कारखान्यात आयुष्य काढलेले दत्तोबा, आणि मी. घर अण्णांचं, टीव्ही अण्णांचा, पन्हं आणि कैरीची डाळ अण्णांच्या घरची, आणि बघायचं आम्ही. ते बाहेर उन्हाच्या झळा खात बसलेले. रेडिओही लावायचे नाहीत, कारण ऐकणं म्हणजे अर्धं बघणंच, असं त्यांचं मत होतं. सगळी भिस्त आमच्या ओरडण्यावर. चौकाराचं ओरडणं वेगळं, षटकाराचं वेगळं, झेल सुटल्याचं त्याहून वेगळं, हे त्यांना पाठ होतं. आम्ही जेवून सुस्तावलो आणि आवाज बसला, की गॅलरीतून दटावणी यायची, "अहो, ओरडा की. तुम्ही ओरडल्याशिवाय मला कळणार कसं?" मग पडदा आणि अण्णा यांच्यामध्ये बसून आम्ही इमानेइतबारे बोंबलायचो. पुढे खालच्या मजल्यावरच्या पोरांच्या टीव्हीवर सामना आमच्या दोन-चार सेकंद आधी दिसायला लागला. खाली गलका झाला की अण्णा बाहेरून बजावायचे, "शेठ, सावरून बसा, आता षटकार आहे." आणि खरोखरच असायचा. क्षणचित्रं मात्र त्यांनी कधी बघितली नाहीत. "शिळं आहे ते," म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी अण्णांचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी ताईंना बाजूला बोलावून घेतलं, तेव्हाच आम्हाला काय ते कळलं. आता फार काही करण्यासारखं नाही म्हणून त्यांना घरी आणलं. आतली खोली अरुंद, त्यामुळे त्यांची कॉट बाहेरच्या खोलीत टाकली. समोरच्या भिंतीवर टीव्ही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचं तोंड त्याच्याकडे झालं, आणि त्यांनी ताईंकडून त्यावर लगेच चादर टाकून घेतली. एका दुपारी मी एकटाच जवळ बसलो होतो. त्यांनी हळूच विचारलं, "जिंकायची शेवटची धाव असते ना, ती काढताना ते दोघं पळतात, की बॅट वर करून उभेच राहतात?"

मी म्हटलं, "कधी असं, कधी तसं."

"एकदा बघायला पाहिजे होतं हो," ते म्हणाले. एवढंच. मी तोंड धुवायच्या निमित्ताने मोरीत गेलो आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिलो.

बेत शेठनी काढला. श्रीलंकेत मालिका चालली होती आणि शेवटचा सामना दिवसाचा होता. औषधांच्या गुंगीत अण्णांना वारांचं भान उरलेलं नव्हतं. सामना कालच झाला, आपण जिंकलो, तेव्हा आता बघायला हरकत नाही, असं त्यांना सांगायचं. आणि खरोखर जिंकलो, की हात धरून म्हणायचं, अण्णा, हा आजचा होता, तुम्ही बघितलात आणि तरी जिंकलो. एवढं एक ओझं त्यांच्या मनावरून उतरवून त्यांना जाऊ द्यावं, असं आम्हाला मनापासून वाटत होतं. ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खोटं बोलायचं तर नीट बोला. तुमच्यापैकी एकालाही जमत नाही."

सामन्याच्या सकाळी तसं सांगितल्यावर अण्णांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "नक्की कालचा?" म्हणाले. मग चेहरा जरा सैल झाला. "बरं. शिळं तर शिळं." ताईंनी पाठीशी उशा लावल्या, चादर काढली, आणि अण्णा सामना बघू लागले. त्यांचं ते बघणं मी जन्मात विसरणार नाही. गोलंदाज धावत येताना त्यांचा श्वास अडायचा. हिरवळ इतकी हिरवी असते हे त्यांना माहीत नव्हतं. प्रत्येक फटक्याला ते पुटपुटायचे, "अच्छा, याला आपण ओरडायचो होय?"

दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. मग आपले गडी पटापट बाद व्हायला लागले. सहावा गेला तेव्हा दत्तोबांनी मांडीवर हात आपटला, आणि शेठ टोपी काढून कपाळ पुसत राहिले. माझाही चेहरा काही वेगळा नसणार. अण्णांनी पडद्यावरची नजर काढली आणि आम्हा तिघांकडे वळवली.

"कालच जिंकलोय ना आपण?"

"हो तर," मी म्हणालो.

"मग शेठना घाम कसला आलाय?"

अण्णांना राग आला नव्हता. उलट आमचीच समजूत घातल्यासारखं ते म्हणाले, "मला भिंतीकडे वळवा."

"अण्णा, राहू द्या हो. हरू दे हरला तर. तुम्ही बघा."

"सगळा देश बघतोय. माझ्या एकट्यासाठी सगळ्यांचा घालवायचा का? वळवा."

मी आणि दत्तोबांनी मिळून त्यांना कुशीवर वळवलं. अंगात काही उरलंच नव्हतं, उशी उचलल्यासारखं वाटलं. त्यांनी भिंतीला कपाळ टेकवलं आणि डोळे मिटून घेतले. आणि तळाच्या दोघांनी, ज्यांच्याकडून कुणाचीच अपेक्षा नव्हती, खिंड लढवली. उन्हं कलताना आपण जिंकलो. शेठ आणि दत्तोबा ओरडले, तसं ओरडणं मी त्या खोलीत कधी ऐकलं नव्हतं. भिंतीकडून बारीक आवाज आला, "पळाले, का उभे राहिले?"

मला सांगता येईना. शेवटच्या चेंडूला मी अण्णांच्या पाठीकडे बघत होतो. शेठनी सांगितलं, "एक पळाला. दुसरा बॅट वर करून तिथेच उभा."

"असं होय," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकं समाधान होतं की आम्हाला एकमेकांकडे बघवेना. पाऊस सुरू व्हायच्या आत ते गेले.

यंदाच्या उन्हाळ्यात जमायचं की नाही, हे आमचं ठरत नव्हतं. ताईंचाच फोन आला. "डाळ वाटलीय, या," म्हणाल्या. आम्ही गेलो, बसलो. कपाटाच्या काचेवर वर्तमानपत्र तसंच होतं. सामना लागला. संध्याकाळी आपली बाजू ढासळू लागली तशा ताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हातात निवडायच्या तांदळाचं ताट होतं. त्या गॅलरीत गेल्या, अण्णांची खुर्ची उघडली आणि आमच्याकडे पाठ करून बसल्या.

आम्ही तिघंही मान खाली घालून बसलो. थोड्या वेळाने पडद्यावर कुणीतरी षटकार मारला, खालची पोरं कधीच ओरडून मोकळी झाली होती, आणि आम्ही डाळीच्या वाट्या हातात धरून नुसते बसलो होतो.

गॅलरीतून ताई म्हणाल्या, "अहो, ओरडा की. तुम्ही ओरडल्याशिवाय मला कळणार कसं?"

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. तांदळात फिरणारा हात तेवढा थांबला होता. मग शेठ ओरडले, दत्तोबा ओरडले, आणि डोळे पुसत मीही ओरडलो.