देवीच्या पायाखालचा चेहरा

आईबाबा गडब गावाजवळच्या अपघातात गेले. त्याच संध्याकाळी काका आमच्या घरी राहायला आले.

पेणला बाबांचा मूर्तींचा कारखाना होता. त्यांच्या मागे तो ताईचा आणि माझा. वर्षश्राद्धाच्या आत पाटीवर काकांचं नाव आलं आणि ताई तिथेच रंगकामाला बसली. मला त्यांनी शिकू दिलं. पुस्तकात डोकं घालणारा पोरगा प्रश्न विचारत नाही, असं त्यांचं मत होतं.

एकदा त्यांनी आम्हाला सिनेमाला नेलं. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, “बिनआईबापाची पोरं, यांना कोण नेणार?” सिनेमात दोन अनाथ भावंडं होती आणि त्यांच्या घरावर टपलेला एक नातेवाईक. त्याचा प्रत्येक डाव त्याच्याच अंगाशी यायचा. सगळ्यांत मोठ्याने काका हसले. बाहेर येऊन डोळे पुसत म्हणाले, “काय नीच माणूस! पोरांचं खातो!”

रात्री जेवताना ताई हळूच मला म्हणाली, “यांना स्वतःचं तोंड दिसतच नाय रे.”

त्या वर्षी रोह्याच्या एका मंडळाने नवरात्रासाठी महिषासुरमर्दिनीची मूर्ती सांगितली. असुराचा चेहरा ताईने शाडूत घडवला आणि त्याचा साचा काढला. उजवी भुवई चढलेली, खालचा ओठ लोंबता, नाकाशेजारी चामखीळ. काकांनी तो न्याहाळला.

“व्हय गो, असुर असाच हवा. बघताच चीड येते.”

टेंपोत बसून मूर्ती त्यांनी स्वतः पोचवली. आरतीला टाळ्या वाजवत पुढे उभे राहिले. मागे दोन बायका बोलत होत्या.

“ह्या असुराला कुठं बघितलाय गो?”

“अगो, तो काय, टाळ्या वाजवतोय!”

मांडवभर हसू पसरलं. काकांनी मागे वळून पाहिलं, मग देवीच्या पायाखाली. त्यांच्या टाळ्या थांबल्या.

घरी येऊन ओरडले, “फोडून टाक तो साचा!”

“पास तुम्हीच केलात, काका,” ताई म्हणाली. “पुढल्या वर्षाला आणखी तीन मंडळांना तोच असुर हवाय, फोन आलेत. नाय सांगू?”

काकांनी वही उघडून तिन्ही मंडळं लिहून घेतली. गिऱ्हाइकाला ते कधी नाही म्हणत नसत.

मी आता रोह्याला शिकवतो. गणपती गेले की पेणला येतो. कारखाना अजून काकांच्याच नावावर आहे. असुर ताई रंगवते. त्याच्या छातीत त्रिशूळ मी बसवतो.