‘झुळूक’ या नावाने ओळखला जाणारा

आमच्या बेटाला फुटबॉलची टीम असावी हा हट्ट हॉज मास्तरांचा. बेटाला खरा नाद शिडाच्या होड्यांच्या शर्यतीचा, त्यानंतर क्रिकेटचा. फुटबॉल म्हणजे पोलीस लायनीतला टाइमपास. पण शेजारच्या बेटांच्या टीम झाल्या, त्यांची गाणी वाजायला लागली, झेंडे फडकायला लागले, आणि मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं. त्यांनी दोन पोलीस धरले, चार होडीवाले धरले, जोरात पळतो म्हणून एक बेकरीवाला धरला. क्लेव्हिस कार्टी क्रिकेटमध्ये विकेटच्या मागे उभा राहायचा, हात चांगले होते, म्हणून त्याला गोलात उभं केलं. झाली राष्ट्रीय टीम.

मैदान मिठागराला लागून होतं. खडी, काटे आणि बकऱ्या. एका बाजूला समुद्र, आणि त्या बाजूने बाराही महिने वाहणारा पूर्वेचा वारा. तिथे उंच मारलेला चेंडू कधी सरळ खाली येतच नसे, वारा त्याला ओढत न्यायचा. पाहुण्या टीमचे नाकी नऊ यायचे. क्लेव्हिसला मात्र तो वारा अंगात भिनलेला. चेंडू हवेत असतानाच तो दोन पावलं बाजूला सरकून उभा राहायचा, आणि चेंडू मुकाट्याने त्याच्या हातात येऊन पडायचा. आम्ही चिंचेखाली बसून टाळ्या पिटायचो. क्लेव्हिस आहे तोवर आपल्याला कोण हरवतो, असं मास्तर छाती फुगवून सांगायचे.

मग वर्ल्ड कपच्या पात्रतेचा सामना आला, तोही परक्या मोठ्या देशात. मैदानाला चारही बाजूंनी भिंतीसारखी उंच बैठक, आत हवा अडकून पडलेली. गवत इतकं मऊ की होडीवाले आधी बूट काढून त्यावर चालून आले. सामना सुरू झाला. उजव्या कोपऱ्यातून पहिला चेंडू उंच आला. क्लेव्हिस सवयीने दोन पावलं सरकला. चेंडू कुठेच सरकला नाही. क्लेव्हिस मघाशी जिथे उभा होता तिथूनच तो आत गेला.

मास्तर रेषेवरून घसा फोडून ओरडत होते, “जागचा हलू नकोस रे! बाबा, हलू नकोस!” क्लेव्हिसला ऐकू येत होतं, कळतही होतं. पण पाय ऐकत नव्हते. चेंडू वर गेला की ते आपोआप वाऱ्याच्या हिशेबाने निघायचे. दुसरा गोलकीपर म्हणजे सार्जंट फ्लेमिंग, त्याची रजा मंजूर झाली नव्हती, म्हणून बदली कुणी नाही. त्या दोन खांबांमधून सुटका फक्त शिट्टी करणार होती, आणि ती वाजेपर्यंत तेरा गोल झाले. शेवटी शेवटी समोरचे लोकच त्याची कीव करून हळू मारायला लागले. ते त्याला सगळ्यात जास्त लागलं.

परत आल्यावर बोटीतून उतरता उतरता रेडिओवाल्याने तोंडासमोर माइक धरला. “क्लेव्हिस, झालं तरी काय?”

“वारा नव्हता,” क्लेव्हिस म्हणाला. “एक झुळूकसुद्धा नव्हती.”

शब्दन्‌शब्द खरा होता. पण तेरा गोल खाऊन आलेल्या माणसाने खरं बोलू नये, गप्प बसावं. बेट पोट धरधरून हसलं. दुकानात हसलं, चर्चच्या पायरीवर हसलं. संध्याकाळपर्यंत त्याचं नाव झुळूक पडलं होतं.

टोपणनावाचं आमच्याकडे कुणाला काही वाटत नाही. पाद्री पाणी शिंपडून ठेवतो ते नाव सरकारी कामापुरतं. बाकी कुणी खेकडा, कुणी भोपळा, कुणी अर्धी वीट. पण खेकड्याला ते नाव त्याच्या चालीवरून मिळालं होतं. क्लेव्हिसला मिळालं ते त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दुपारवरून, आणि रोज सकाळी ‘काय झुळूक, चहा झाला का?’ म्हणणारा माणूस त्याला पुन्हा त्या खांबांमध्ये नेऊन उभा करायचा. म्हणणाऱ्याच्या मनातही नसायचं. त्यामुळे भांडणार तरी कोणाशी?

त्याने ठरवलं, इथून जायचं. बहीण व्हर्नेल इंग्लंडात स्लाऊला होती, नर्सचं काम करायची. ती आणि आई, या दोघीच त्याला क्लेव्हिस म्हणायच्या. “ये निघून,” ती फोनवर म्हणायची, “इथे तुला कोण ओळखतंय?” या एका वाक्यावर तो कितीतरी वर्षं जगला. एकदा बॅग भरली तेव्हा आई मिठागरात घसरून कंबर मोडून घेऊन बसली. ती काठी टेकत चालायला लागली, याने पुन्हा बॅग काढली, तर तिची नजर गेली. त्याने बॅग पलंगाखाली ढकलली आणि पुढे कधी काढली नाही. आईवर तो चिडला नाही असं म्हणणं खोटं होईल. चिडायचा, मग चिडल्याची लाज वाटून तिच्यासाठी माशाचं सूप करायचा.

नोकरी मिळाली तीही फेरीबोटीच्या धक्क्यावर. येणाऱ्या बोटीचा दोर बांधायचा, जाणाऱ्या बोटीचा सोडायचा. अख्खं बेट त्याच्या डोळ्यांदेखत समोरच्या फ्रेंच बेटावर जायचं, तिथून विमानाने कुठे कुठे जायचं, आणि हा धक्क्यावर उभा.

टीम मात्र चालत राहिली. हरत राहिली म्हणणं बरोबर. जगाच्या यादीत आमचं नाव शोधायचं तर लोक खालूनच वाचायला घ्यायचे. मास्तर गेले, त्यांच्या जागी पगारी प्रशिक्षक आले. ज्यांची आजी आमच्या बेटावरची अशी इंग्लंडातली पोरं येऊन खेळायला लागली, खडी जाऊन हिरवं नकली गवत आलं. क्लेव्हिस त्या मैदानाच्या फाटकातून एकदाही आत गेला नाही. आणि एका वर्षी, देवाची करणी, आम्ही परक्या मैदानावर सामना जिंकलो. रस्त्यात जीपचे हॉर्न, बायका भांडी बडवत नाचताहेत. धक्क्यावरून जाता जाता कुणीतरी ओरडलं, “झुळूक, तू नव्हतास म्हणून जिंकलो रे!” सगळे हसले. त्याला नाचायचं होतं. खरंच नाचायचं होतं, ती त्याचीही टीम होती. तो दोर गुंडाळत बसला.

आईचं नाव फिलोमेना युडोरा. तरुणपणी तिला लोक मिस फिलो म्हणायचे. त्या सामन्यानंतर तीही ‘झुळूकची आई’ झाली, आणि जुनी माणसं गेली तसं फिलो हे नाव पार पुसलं गेलं. तिला त्याचं सुखदुःख नव्हतं. “जेवायला कुठल्या का नावाने बोलावेनात,” ती म्हणायची, “ताट वाढल्याशी कारण.” तिचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. कंबर धड होती तोवर तिने बेटावरचं एकही मरण चुकवलं नव्हतं. ओळखीचा असो नसो, काळा झगा घालून ती प्रत्येक शवपेटीमागे चालली होती. “क्लेव्हिस, माझ्या वेळी चर्च भरलेलं पाहिजे,” ती आंधळ्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत म्हणायची. “रिकाम्या बाकांसमोर मला ठेवू नकोस, बाळा.”

“भरेल, मम्मा. दाराबाहेरसुद्धा उभे राहतील लोक.”

ती गेली ती एका रविवारी, तुरीच्या दाण्यांचा भात दोन घास खाऊन, खुर्चीतच.

आमच्याकडे माणूस मेला हे रेडिओ सांगतो. दुपारी मरणाच्या बातम्या लागल्या की दुकानदार वजन करता करता थांबतो, रस्त्यावरच्या गाड्या काचा खाली करतात. आधी मेलेल्याचं नाव, मग ‘या नावाने ओळखला जाणारा’ म्हणून टोपणनाव, मग मागे राहिलेली मुलं, भावंडं, समुद्रापलीकडचे नातेवाईक, प्रत्येकाच्या टोपणनावासकट. बातम्या वाचायची मिस ऑर्डिना, गावातल्या शाळेची निवृत्त बाई. क्लेव्हिस तिच्यासमोर टोपी हातात घेऊन उभा राहिला.

“या नावाने ओळखली जाणारी...” ती लिहिता लिहिता म्हणाली, “झुळूकची आई, असंच ना?”

“नाही. ते नको. फिलोमेना युडोरा कार्टी, एवढंच. आणि मुलगा क्लेव्हिस कार्टी, इंग्लंडात एक मुलगी. बस.”

“अरे, पण लोकांना कसं कळायचं?”

“मिस ऑर्डिना, माझी आई आहे ती. मरणात तरी तिला तिचं नाव असू दे.”

तिने तसंच वाचलं. क्लेव्हिस घरी खिडकीशी रेडिओ घेऊन बसला होता. ‘मागे मुलगा क्लेव्हिस कार्टी’ हे शब्द त्याच्या कानांवर पडले आणि त्याला बरं वाटलं. आई आतल्या खोलीत बर्फावर होती आणि त्याला बरं वाटत होतं. तेवढ्यासाठी त्याने देवाची माफीही मागितली.

माती देईपर्यंत रोज संध्याकाळी लोक घरी येऊन बसतात, गाणी म्हणतात, आठवणी काढून हसतात, रडतात. त्याने चर्चमधून खुर्च्या आणल्या, अंगणात मांडल्या. शेजारणीने पाटीभर जॉनीकेक, म्हणजे मैद्याच्या जाड पुऱ्या, तळल्या, पिंपभर कॉफी केली. पहिल्या संध्याकाळी शेजारचीच चार माणसं आली. पाऊस होता, असं त्याने स्वतःला समजावलं. दुसऱ्या संध्याकाळी पाऊस नव्हता, तरी तीच चार माणसं. जॉनीकेक दगड झाले. तो त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिला, आणि त्याला वाटलं, लोक मलाच शिक्षा देताहेत. एका सामन्यासाठी माझ्या आईच्या दारात यायचं नाही? त्याला सगळ्या बेटाचा संताप आला.

मातीच्या आदल्या दिवशी सकाळी तो धक्क्यावर गेला. सुट्टी होती, पण घरात बसवत नव्हतं. फेरीबोटीच्या रांगेत बेटाच्या पलीकडच्या टोकाची मिस आयँथा बसली होती. मिठागरात ती आणि आई जन्मभर जोडीने मीठ वेचत आलेल्या.

“अरे झुळूक!” तिने हाक मारली. “आईला सांग, फ्रेंच बाजूला जातेय, येताना तिच्यासाठी लोणी आणते. आणि काय रे, ती फिलोमेना कार्टी कोण गेली? दोन दिवस ऐकतेय. एका मुलाशिवाय इथे कुणी नाही वाटतं बिचारीला, माती कशी उचलायची ती!”

“मिस आयँथा,” क्लेव्हिस म्हणाला, “ती मम्मा.”

म्हातारीने कपाळावर हात मारला. मग उठली आणि आपल्या काठीने त्याच्या दंडावर एक फटका ओढला. “गाढवा! झुळूकची आई गेली म्हणून सांगायला तुझ्या जिभेला काय झालं होतं? बेटावर ढीगभर कार्टी आहेत! फिलोला आम्ही फिलो म्हणायचो, फिलोमेना कुणी ऐकलंय? तिला एकटीला पुरणार होतास का?”

रांगेतले लोक गोळा झाले. कुणाची टोपी हातात, कुणी रडायलाच लागलं. “झुळूकची आई? आपल्या झुळूकची?” कुणालाच माहीत नव्हतं. कुणी शिक्षा वगैरे देत नव्हतं. दाराला कुलूप त्याने स्वतःच्या हाताने घातलं होतं.

दुपारच्या बातम्यांना वेळ थोडा होता. तो धावतच रेडिओवर पोचला. मिस ऑर्डिना माइकसमोर बसलीच होती. त्याचा चेहरा बघून तिने काही विचारलं नाही, खुर्चीतून उठली. “तूच सांग,” म्हणाली. “आवाज ओळखतील.”

त्या खोलीला खिडकी नव्हती, दार जाड, आत हवेचा मागमूस नाही. क्लेव्हिसने घसा साफ केला. ते नाव त्याच्या स्वतःच्या तोंडून आजवर निघालं नव्हतं. “फिलोमेना युडोरा कार्टी,” तो म्हणाला, “झुळूकची आई या नावाने ओळखली जाणारी.” इथे तो थांबला. मिस ऑर्डिनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “मागे मुलगा क्लेव्हिस. झुळूक या नावाने ओळखला जाणारा. मुलगी व्हर्नेल, इंग्लंडात. माती उद्या दुपारी. कृपा करून या. ती तुमच्या सगळ्यांच्या माणसांच्या पेटीमागे चालली आहे. कृपा करून या.”

त्या संध्याकाळी अंगणात खुर्च्या पुरल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चर्च भरलं, आवार भरलं, फ्रेंच बेटावरून तीन बोटी जादा सोडाव्या लागल्या. त्या जुन्या टीमचे पोलीस आणि होडीवाले आले, पोटं सुटलेले, केस पिकलेले. आताच्या टीमची पोरंही कडक इस्त्रीचे कोट घालून आली, शवपेटी त्यांनी खांद्यावर घेतली. प्रत्येक जण त्याचा हात दाबून म्हणत होता, “वाईट झालं, झुळूक.” आणि तो प्रत्येकाला म्हणत होता, “आलात, बरं केलंत.” आईसाठी त्याचं काळीज भरून आलं होतं. स्वतःसाठी ते जड झालं होतं. दोन्ही एकाच वेळी होत होतं आणि त्याला वेगळं करता येत नव्हतं.

माणसं पांगल्यावर व्हर्नेलचा फोन आला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून तिला येता आलं नव्हतं. ती खूप रडली. मग नाक पुसून म्हणाली, “आता काय राहिलंय तिथे? तिकीट काढते, निघून ये.”

त्याने आईची काठी भिंतीला नीट टेकवून ठेवली.

“इथे इंटरनेटवर रेडिओ लागतो ना. आपली सगळी मंडळी माझ्याकडे बसून ऐकत होती. तुझा आवाज आला आणि एकाचेही डोळे कोरडे नाहीत. शेजारच्या पोरांनासुद्धा तो सामना, तेरा गोल, सगळं सांगितलं लोकांनी. कोपऱ्यावरचा न्हावी विचारतोय, कधी येणार म्हणून. सगळे वाट बघताहेत तुझी.”

बाहेर कुणीतरी खुर्च्या एकावर एक रचत होतं.

“बोल ना,” व्हर्नेल म्हणाली. “काढू ना तिकीट? ऐकतोयस ना, झुळूक?”